गावातला छोटा धंदा आणि विजेचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांच्या काळापासून गिरणीच्या ओट्यावर लोक दळण ठेवून थांबतात आणि थांबल्या थांबल्या बिलाचा कागद पुढे करतात: "जरा बघ रे, एवढं कसं आलं?" शिलाईवाल्या ताई, वेल्डिंगवाले, दूध संकलन केंद्र चालवणारे, चहाचं हॉटेल, रसवंती, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. महाराष्ट्रात महावितरणचे जे ग्राहक आहेत त्यांच्यासाठी हे आहे. दर दरवर्षी बदलतात, म्हणून युनिटचा भाव इथे दिलेला नाही. तो तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

धंदा आहे तेवढाच आहे, युनिटंही तेवढीच, मग बिल का वाढतं?

कारण बिल म्हणजे फक्त युनिट गुणिले भाव नव्हे. कागद उलगडून एकदा ओळीनं वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, वीज विक्री कर आणि मागची बाकी असेल तर तिच्यावरचं व्याज, अशा वेगवेगळ्या ओळी दिसतील. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, आणि त्याचा नवा आदेश साधारण एप्रिलपासून लागू होतो. इंधन समायोजन आकार मात्र महिन्यागणिक वरखाली होतो. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की तो फरक या ओळीतून आपल्याकडे येतो. उन्हाळ्यात वापर तेवढाच असूनही बिल फुगतं, त्यात या ओळीचा हात असतो.

मग शुल्क. घरगुती ग्राहकाला वीज शुल्क १६ टक्के लागतं, व्यापारी ग्राहकाला २१ टक्के, आणि औद्योगिक ग्राहकाला या दोघांपेक्षा बरंच कमी. म्हणजे दर थोडा वाढला तरी टक्केवारीनं शुल्कही त्याच्या पाठोपाठ वाढतं. तुमची नोंद या तिघांपैकी कुठे आहे, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

दोन महिने गिरणी बंद होती, एक दाणा दळला नाही, तरी बिल कसं आलं?

स्थिर आकार. कनेक्शन चालू आहे तोवर तो दर महिन्याला लागतो, वापर शून्य असला तरी. २० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला तो दर जोडणीमागे ठरलेला असतो. म्हणून छोट्या गिरणीनं मंजूर भार दहाचा आठ करून घेतला तरी या ओळीत फरक पडत नाही. २० किलोवॅटच्या वर मात्र मागणी आकार असतो, म्हणजे तो भाराच्या प्रमाणात लागतो, आणि तिथे भार कमी करून घेण्यात खरोखर पैसे वाचतात. काजूवर प्रक्रिया करणारे किंवा मोठे मसाला कांडप असलेले लोक तीन-तीन मोटरींचा भार मंजूर करून ठेवतात आणि चालवतात एकच. त्यांनी हे तपासावं.

धंदा वर्षभर बंदच राहणार असेल तर कनेक्शन तसंच लटकत ठेवू नका. दर महिन्याचा स्थिर आकार, त्यावर विलंब आकार, त्यावर व्याज असं करत वर्षाकाठी जी रक्कम साठते ती बघून पुन्हा गिरणी सुरू करायची हिंमतच होत नाही. लेखी अर्ज देऊन, शेवटचं रीडिंग घेऊन, पावती घेऊन बंद करा.

माझा धंदा 'व्यापारी' की 'औद्योगिक'? त्यानं एवढा काय फरक पडतो?

फार पडतो. या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे.

लघुदाबात, म्हणजे गावातल्या साध्या जोडण्यांत, घरगुती, वाणिज्यिक म्हणजेच व्यापारी (बिगर-घरगुती), शेती, उद्योग अशा वर्गवाऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा दर वेगळा. पिठाची गिरणी, डाळ गिरणी, भात गिरणी, पोहे गिरणी, मसाला कांडप, लाकूड कापायची गिरणी, बर्फाचा कारखाना, दूध थंड करण्याचं केंद्र, छापखाना, इंजिनिअरिंग वर्कशॉप, कपडे तयार करणारा कारखाना, वीटभट्टी, अन्नप्रक्रिया हे सगळे उद्योगाच्या दरात येतात. किराणा दुकान, हॉटेल, सलून, लाँड्री, शिलाईचं दुकान, गॅरेज आणि दुरुस्ती केंद्र हे वाणिज्यिक दरात. कुक्कुटपालन, रोपवाटिका, हरितगृह, मत्स्यपालन, अळिंबी, रेशीम यांच्यासाठी शेतीतच 'इतर' अशी वेगळी वर्गवारी आहे. तिचा दर पंपापेक्षा जास्त, पण दुकानापेक्षा कमी.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो. गावात गिरणी रस्त्यालगतच्या गाळ्यात असते. अर्ज भरताना आपणच 'दुकान' लिहून मोकळे होतो. आमच्या वडिलांनी तेच केलं होतं. गाळा म्हणजे दुकान, एवढाच त्यांचा हिशोब. कित्येक वर्षं आम्ही दुकानाच्या दरानं आणि २१ टक्के शुल्कानं दळत राहिलो. एकदा शेजारच्या गावच्या गिरणीवाल्याचं बिल आणि आमचं बिल ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा वर्गवारीच्या रकान्यात दोन वेगळे शब्द दिसले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याला वाचता येत होतं की."

तेव्हा आज पहिलं काम हे करा. बिलावर वरच्या भागात दर संकेत किंवा वर्गवारी लिहिलेली असते, ती वाचा. चुकीची असेल तर वापर बदलाचा अर्ज करा. तो महावितरणच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. सोबत उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला आणि यंत्रांचे फोटो जोडा. जागेची पाहणी होते आणि वर्गवारी बदलते. मागच्या काळातल्या फरकाची रक्कम मागायची असेल तर ती मागणी त्याच अर्जात स्पष्ट लिहा, कारण तक्रार मंचाकडे जायला २ वर्षांची मुदत असते आणि उशीर केलात तर त्यापूर्वीचे पैसे हातचे जातात.

मी घरातच शिलाई करते आणि पापड लाटून विकते. वेगळं व्यापारी मीटर घ्यावंच लागेल का?

बहुतेक वेळा नाही, ताई. घराच्या एका भागात धंदा करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात मिळून ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो, असं दर आदेशात लिहिलेलं आहे. एक शिलाई मशीन, इस्त्री, घरघंटी, एखादा फ्रीज एवढ्यावर चालणारी घरं या मर्यादेत सहज बसतात. बचतगटाच्या कितीतरी बायकांना हे माहीत नसतं. कोणीतरी "धंदा करतेस, दंड बसेल" म्हणून घाबरवतं आणि त्या काम लपवून करतात. लपवायचं काही कारण नाही. फक्त वर्षभराची बिलं जपून ठेवा आणि युनिटांची बेरीज करत राहा. मर्यादा ओलांडायला लागली, म्हणजे धंदा वाढला, की स्वतःहून वेगळ्या जोडणीचा अर्ज करा.

शेतीपंपाचं बिल माफ आहे. त्याच जोडणीवर गिरणी किंवा गुऱ्हाळ चालवलं तर?

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून ५ वर्षं मोफत वीज आहे. ती पंपाला आहे. स्वतःच्या शेतमालासाठी उसाचा चरक आणि कडबा कुट्टी शेतीच्या जोडणीवर चालते. पण त्याच जागेत पिठाची गिरणी किंवा तेलघाणा चालवता येत नाही, मग मोटर वेगळी असो की त्याच मोटरचा पट्टा बदललेला असो. पट्टा बदलण्याचा उल्लेख दर आदेशात शब्दशः आहे. ही युक्ती कोणाला नवी नाही.

पकडलं गेलं तर वीज कायदा, २००३ चं कलम १२६ लागतं. ज्या दिवसापासून असा वापर झाला तेव्हापासून, आणि तो दिवस ठरवता आला नाही तर तपासणीच्या मागच्या १२ महिन्यांची, लागू दराच्या दुप्पट आकारणी. अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, तेही ३० दिवसांत. आकडा टाकला असेल तर ती चोरी, कलम १३५, फौजदारी गुन्हा. महिन्याला हजार-दोन हजार वाचवायला जाऊन घरातलं सोनं मोडावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून करू नका.

बिल अचानक दुप्पट-तिप्पट आलं. आधी काय तपासू?

मीटरसमोर उभे राहा आणि बिलावरचं चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. बिलावर रीडिंगऐवजी 'सरासरी', 'लॉक', 'फॉल्टी' असं काही छापलंय का ते बघा. काही महिने सरासरीनं बिल येतं, मग एकदा खरं रीडिंग होतं आणि सगळी युनिटं एकदम पडतात. तसं झालं असेल तर ती युनिटं जितक्या महिन्यांची आहेत तितक्या महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून मागा.

रीडिंग बरोबर आहे पण मीटर पळतोय असं वाटत असेल तर रात्री गिरणीचे सगळे स्विच आणि मेन बंद करून बघा. तरीही मीटरचा दिवा लुकलुकत असेल तर एक तर मीटर सदोष आहे, नाहीतर तुमच्या मेनच्या अलीकडून कोणीतरी वीज ओढतंय. लेखी तक्रार करा. केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार केली तर ५ दिवसांत दुसरं मीटर शेजारी बसवून किमान ३ महिने पडताळणी करायची, असं त्यात आहे. तक्रारीत या नियमाचा उल्लेख करा.

या महिन्यात बिल भरणं शक्यच नाही. काय करू?

सगळ्यात आधी: मुदत जायच्या आत कार्यालयात जा, नंतर नाही. माणूस लाजतो. सोयाबीनचे पैसे आले की भरू, ऊसबिल जमा झालं की भरू म्हणून आठवडे काढतो, आणि मग एक दिवस लाइनमन शिडी घेऊन येतो. गिरणीची वीज गेली की कमाई थांबते, आणि कमाई थांबली की बिल भरायचा उरलासुरला मार्गही बंद. म्हणून वीज चालू असतानाच बोलणं महत्त्वाचं.

उपविभागीय कार्यालयात हप्ते पाडून देण्याचा लेखी अर्ज द्या. हप्ते मिळणं हा हक्क नाही, अधिकाऱ्याच्या अधिकारातली सवलत आहे. पण सोबत काही रक्कम भरायची तयारी दाखवली आणि उरलेली कोणत्या तारखेला कशातून देणार ते लिहिलं तर बहुधा ऐकून घेतात. 'आर्थिक अडचण आहे' एवढंच लिहू नका. 'दूध संघाचा पगार १० तारखेला येतो, तेव्हा अर्धे भरतो' असं लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाच्या रकमेबद्दलच वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत राखून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात 'हरकत राखून भरत आहे' हे शब्द असू द्या.

मुदत चुकली की १.२५ टक्के विलंब आकार लागतो, पुढे व्याज. उलट बिल निघाल्यापासून ७ दिवसांत भरलं तर १ टक्का तत्पर भरणा सूट मिळते, आणि ऑनलाइन भरलं तर पाव टक्का आणखी. रक्कम लहान वाटते, पण वर्षाची बेरीज केली तर पट्ट्याचा एक नवा जोड त्यात निघतो.

वीज तोडलीच, तर ६ महिन्यांच्या आत थकबाकी आणि जोडणी आकार भरून ती पुन्हा जोडून घ्या. त्यानंतर कायमस्वरूपी खंडित धरतात आणि नव्यानं सगळी कागदपत्रं करावी लागतात. कायमस्वरूपी खंडित ग्राहकांसाठी अधूनमधून अभय योजना येते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या योजनेत व्याज आणि विलंब आकार माफ होता आणि मूळ रकमेचे ३० टक्के भरून उरलेले ६ हप्त्यांत द्यायचे होते. तशी योजना नसेल तेव्हा राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोड करता येते.

जुन्या मालकाची थकबाकी माझ्या माथी मारतात. भरावी लागेल का?

जागा विकत घेतली असेल तर काही अंशी हो, कारण थकबाकी जागेवर बोजा म्हणून राहते. पण तुम्ही वारस नसाल, जागा खरेदी केली असेल किंवा भाड्यानं घेतली असेल, तर आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे तुमच्यावर येणारी जबाबदारी कमाल ६ महिन्यांच्या थकबाकीपुरती असते. गाळा घेण्याआधी ग्राहक क्रमांक मागून बिल तपासा. हजार रुपयांचा करारनामा करतो आणि बिल बघत नाही, असं फार होतं.

एक वेगळी गोष्ट. एखादी रक्कम देय झाल्यापासून २ वर्षांत कधी बिलात दाखवलीच नाही आणि मग अचानक जुनी म्हणून मागितली, तर कलम ५६ च्या दुसऱ्या पोटकलमाचा आधार घेऊन हरकत घ्या. मात्र दर महिन्याच्या बिलात ती थकबाकी म्हणून दिसत राहिली असेल तर हा बचाव चालत नाही.

'अतिरिक्त सुरक्षा ठेव' म्हणून दुसरं बिल आलंय. हा काय नवीन प्रकार?

फसवणूक नाही. मागच्या वर्षाचा सरासरी वापर धरून साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव महावितरणकडे असावी लागते. वापर किंवा दर वाढला की फरक मागतात. ती ठेवच असते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरानं व्याज मिळतं, ते बिलातून वजा होतं. एकदम भरणं जड जात असेल तर हप्ते मागा.

व्होल्टेज कमी, मधेच एक फेज जातो, मोटर जळते. यावर काही उपाय?

गावाकडचा खरा वीजखर्च बिलात दिसत नाही, तो रिवायंडिंगवाल्याच्या वहीत असतो. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंगचा वार्निश करपल्याचा वास यायला लागतो. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर तशीच घुमत राहिली तर काही मिनिटांत खेळ आटोपतो. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावा आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला बसवून घ्या. रिले वारंवार पडतो म्हणून त्याला तार बांधून ठेवणारे कमी नाहीत. तार बांधली की रिले असून नसल्यासारखा.

दोन फेजवर कपॅसिटर लावून मोटर चालवण्याचा प्रकार सर्रास चालतो. दळण अडलं की मोह होतो, समजतं. पण त्यात मोटरचं आयुष्य जातं, आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार असमान होऊन शेजाऱ्यांचंही व्होल्टेज पडतं. डीपीच जळाली तर ठरलेल्या वेळेत ती बदलून न मिळाल्यास नुकसानभरपाईची तरतूद कृती मानकांत, म्हणजे कोणतं काम किती वेळेत व्हावं याच्या नियमांत, आहे. १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर वेळ कधीपासून मोजायची हेच सिद्ध होत नाही.

दूध केंद्रवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. दूध लवकरात लवकर ४ अंशांवर आणावं लागतं आणि वीज नेमकी संकलनाच्या वेळेला जाते. मग जनरेटर. छोटा जनसेट एक लिटर डिझेलमध्ये तीनेक युनिटं देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट ३० रुपयांना पडतं, तेही ऑइल आणि दुरुस्ती सोडून. म्हणून कूलरच्या टाकीचं इन्सुलेशन, झाकणाचं रबर आणि कंडेन्सरवरची धूळ याकडे रोज बघा. जनरेटरचा वाचलेला प्रत्येक अर्धा तास मोलाचा असतो.

नवीन यंत्र न घेता युनिटं कमी कशी करायची?

आधी मोजा. मीटरचं रीडिंग लिहा, एकाच धान्याचं १०० किलो दळा, पुन्हा रीडिंग लिहा. आमच्याकडे १० अश्वशक्तीची मोटर आहे. १०० किलो गव्हाला ८ युनिटं जात होती. मग दगडांना टाकी लावली.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वरची पाळी, म्हणजे वरचा दगड, साखळीनं उचलून आडवी टाकायची, छिन्नी-हातोडीनं मधून कडेकडे जाणाऱ्या खाचा पुन्हा खोल करायच्या. दुपारभर टकटक चालते, डोळ्यांत कचकच जाते, म्हणून चश्मा घालावा. दगड गुळगुळीत झाला की धान्य कापलं जात नाही, घासलं जातं. पीठ हाताला कढत लागतं आणि मोटरचा आवाज जड होतो. पीठ कढत येतंय म्हणजे वीज उष्णता करण्यात चालली आहे. टाकी लावल्यावर तेवढ्याच गव्हाला ७ युनिटांच्या आत काम झालं. पैसा लागला नाही, एक दुपार लागली.

त्यानंतर पट्टा. ढिला पट्टा घसरतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. दोन-तीन पट्टे शेजारी असतील तर सगळे एकदम बदला, जुना-नवा मिसळू नका. मोटर तीन-चार वेळा रिवाइंड झाली असेल तर तिची कार्यक्षमता घटलेली असते. पुढच्या वेळी जळाली की आयई३ दर्जाच्या (कमी वीज खाणाऱ्या) नव्या मोटरचा भाव आणि रिवायंडिंगचा खर्च शेजारी मांडून बघा. कपॅसिटर फुगलेला किंवा गळका असेल तर बदला. दुकानात जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३५ वॅटच्या आत चालतो. शीतपेयाचा फ्रीज भिंतीला चिकटवून, भट्टीशेजारी ठेवू नका.

आणि दळण साठवून सलग दळा. पाच-पाच किलोला मोटर चालू-बंद करण्यापेक्षा, 'सकाळी ठेवा, दुपारी न्या' ही सवय गिऱ्हाइकाला लावणं जड नाही. आम्ही डब्यांवर खडूनं नावं लिहितो.

नवे टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर वेगळा मोजणारे) बसत असतील तर कोणत्या तासांना सवलत आहे ते विचारा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार दिवसाच्या सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा आणि गर्दीच्या तासांत तो जास्त असतो. संध्याकाळचं दळण दुपारी ओढता आलं तर फायदा आहे.

सोलर लावू का? अनुदान मिळतं ना?

पीएम सूर्यघर योजनेचं कमाल ७८,००० रुपयांचं अनुदान घरगुती ग्राहकांना आहे. दुकान किंवा गिरणीच्या जोडणीला ते मिळत नाही, विकणारा काहीही सांगो. नेट मीटरिंग, म्हणजे उरलेली सोलरची वीज लाइनला देऊन ती बिलातून वजा करून घेणं, मात्र धंद्यालाही मिळतं. १ किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिटं देतात आणि त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट मोकळं छत लागतं. पत्र्याची शेड असेल तर वाऱ्याचा जोर पेलेल का, हे आधी बघा.

खरी अडचण कोणी आधी सांगत नाही: बॅटरीशिवायची ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते. भर उन्हात पॅनल चमकत असतात आणि गिरणी बंद. तेव्हा बिल कमी करायचं असेल तर सोलर चांगलं, पण वीज जाण्याच्या त्रासावर तो उपाय नाही.

चहा-वड्याच्या गाडीवर घरचा सिलिंडर चालतो का?

नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणं गुन्हा आहे, जप्ती होते. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे, घरगुतीवर ५ टक्के. हा फरक छोट्या गाडीवाल्याला खुपतो, आणि त्याचं खुपणं रास्त आहे. एकदम १९ किलो परवडत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो.

यंत्र बदलायला अनुदान किंवा कर्ज?

अन्नप्रक्रिया करत असाल, म्हणजे मसाला, पापड, डाळ, पीठ, गूळ, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. चालू धंद्याची यंत्रं वाढवायलाही ते लागू होतं. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. नवा धंदा असेल तर केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र.

कार्यालयात दाद लागली नाही तर पुढे कुठे?

ग्राहक तक्रार निवारण मंच. अर्ज साध्या मराठीत चालतो. घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. तिथला निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. कलम १२६ आणि १३५ ची प्रकरणं मात्र मंचाकडे चालत नाहीत. सोबत १२ महिन्यांची बिलं, पावत्या, शिक्का मारलेले अर्ज आणि मीटरचे तारखेसह फोटो ठेवा.

सगळं करून झालं, तरी परवडत नाही. दळणाचे दर वाढवले तर लोक दुसरीकडे जातील का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, बहुतेक वेळा हळू आवाजात. गावात गिऱ्हाईक म्हणजे भावकीच. दर वाढवायचा म्हणजे काकूला, मावशीला सांगायचं. म्हणून तीन-तीन वर्षं दर तेच राहतात आणि गिरणीवाला घरच्या शेतीतून गिरणीला पोसत राहतो.

आधी किलोमागे विजेचा खर्च किती ते काढा. बिलाची पूर्ण रक्कम भागिले महिन्यात दळलेले किलो. त्यात टाकी, पट्टा, मोटरचा खर्च आणि स्वतःची मजुरी धरा. स्वतःची मजुरी कोणीच धरत नाही, ती धरा. मग पंचक्रोशीतल्या गिरणीवाल्यांना भेटून एकाच तारखेपासून काय करता येईल ते बोला. दर वाढवणार असाल तर महिनाभर आधी सांगा, सुगी संपल्यावर लागू करा, ऐन टंचाईच्या दिवसांत नको.

आम्ही दर वाढवला तेव्हा गिरणीच्या दारावर पाटी लावली. एका बाजूला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल चिकटवलं, दुसऱ्या बाजूला या वर्षीचं, आणि खाली खडूनं नवा दर. दोघे-तिघे कुरकुरले. एक आजी दळण डोक्यावर घेऊन बराच वेळ पाटीपुढे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातवाकडून दोन्ही आकडे वाचून घेतले. मग डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पीठ जरा बारीक काढ."